दहावा वार

घणसोलीत नाक्यावर कोणालाही विचारा,
जयेंद्र मढवी? तो कबड्डीतला ना, म्हणतील.
दुसऱ्या खेळाचं नाव कोणाला धड घेता येत नाही.

मी सांगतो. मी त्याच्या पुढे असायचो.
रनिंग बॅकच्या पुढे एक गार्ड असतो,
एकशे चार किलोचा, चेंडूला हात न लावणारा.
समोरच्याच्या छातीत खांदा घालून
दीड फूट फट उघडायची, सेकंदभर.
जयेंद्रला तेवढी पुरायची.

वाशीच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी
इंफाळच्या कोचसरांनी त्याची चढाई पाहिली.
हा माणसांकडे बघत नाही, म्हणाले,
माणसांच्या मधल्या जागेकडे बघतो.
हातात लंबगोल चेंडू दिला,
पोटाशी धर, तान्ह्यासारखा.
हेल्मेटं अकरा होती, आम्ही बावीस.
दुसऱ्याच्या घामात डोकं घालून
तीन वर्षं खेळलो.

चार डाव, दहा यार्ड, एवढाच नियम.
यार्ड म्हंजे कवरा रं? त्याच्या आईने विचारलं.
वार, मी म्हटलं. साडीचा असतो तोच.
पदर खोचत ती हसली,
"नव वार तं मी रोज नेसतंय.
एका वारासाठी माझा पोर हाडं मोडून घेतंय?"

मग लीग आली. नेरुळच्या एका हॉटेलात बोली लागली.
साडेबारा टक्क्यांची फाइल सिडकोत धूळ खात होती,
त्याच्या बापाने त्या दिवशी
कितीतरी वर्षांनी एखाद्या कागदावर विश्वास ठेवला.
मलाही घेतलं,
वाणसामानावर मिठाची पुडी टाकतात तसं.

पहिला हंगाम: पाचशे बारा यार्ड.
पुण्याविरुद्ध एकाच संध्याकाळी एकशे एक्केचाळीस.
आकडे त्याच्या नावापुढे. माझ्या नावापुढे रकानाच नव्हता.
वाईट नाही वाटलं. खोटं कशाला बोलू,
थोडं वाटलं.

दुसऱ्या हंगामातला चौथा सामना.
तिसरा डाव, दहा हवे होते.
मी माझा माणूस पाडला, फट उघडली,
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
मागे वळून बघितलं.
तो धावतो कसा, मला कधी दिसलंच नव्हतं.
लोक बघायचे, मी ऐकायचो,
कानाजवळून एक श्वास जायचा, बस.

देखणा धावायचा.
गुडघे उंच, मान खाली,
चेंडूवर दोन्ही हात, जणू कोणी हिसकावणारच आहे.

तेवढ्यात माझा माणूस उठला.

नऊ यार्ड मोजले पंचांनी.
सुतळी तुटावी तसा आवाज झाला,
मला वाटलं खांद्याच्या पॅडचा पट्टा असेल.

ऑपरेशनचे पैसे लीग देणार होती.
लीगच्या बेलापूरच्या ऑफिसात आता
सीएच्या शिकवण्या चालतात.

तो उरणला कंटेनर मोजतो.
यार्डातच आहे अजून, स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो.
मी त्याला ते वळून बघणं सांगितलं नाही.
आठ वर्षं झाली.
त्याला माहीत असावं. त्याच्या पाठीमागे तरी
कोण होतं बघायला?

परवा माझ्या पुतणीची हळद होती.
डीजे, धूर, सगळं गाव मांडवात नाचतंय,
आणि जयेंद्र वड्यांचं पातेलं घेऊन आला,
गरम, पोटाशी धरलेलं,
उजवा पाय जरा ओढत.
गर्दीच्या तोंडाशी थांबला.
मी त्याच्या पुढेच उभा होतो.

काही ठरवलं नाही.
खांदा आपोआप खाली गेला,
दोन नाचणारे मेहुणे बाजूला सरकले,
एक शिवी आली.
कानाजवळून श्वास गेला, तेलाच्या वाफेसकट.

मी समोर बघत राहिलो,
बेंजोवाल्याच्या पिवळ्या सदऱ्याकडे,
पलीकडे पातेलं टेकल्याचा आवाज येईपर्यंत.