मागील पीक

तेवीस वर्षं फैजपूरच्या प्रयोगशाळेत
मी लोकांची माती तपासतो.
जस्ताचा दिवा वेगळा, लोहाचा वेगळा, तांब्याचा वेगळा.
दिवा बदलला की यंत्र जरा तापू द्यावं लागतं,
तेवढ्यात मी दोन केळी खातो,
नाहीतर सावद्याची शेव, कागदासकट मुठीत.

वजन एकशे अठरा.
टपरीवरचा लीलाधर भिरूड म्हणतो,
"तुले काय कमी हाये रे भो!"

काल भुसावळहून माझा अहवाल आला.
रक्त शबनम तडवीनं घेतलं होतं, तिसऱ्या सुईला.
"शीर फार खोल आहे हो काका,"
बोअरवाल्यानं सांगावं तशी म्हणाली.

जस्त कमी.
मॅग्नेशियम काठावर.
तांबं मात्र चढलेलं.
लोह कमी आणि फेरिटिन जास्त.
इथे मी चष्मा पुसला.

डॉक्टर समजावू लागले, साठा आहे तुमच्यात,
पण अंगात सूज आहे, बारीक, न दिसणारी,
तिनं कोठाराला कुलूप घातलंय.
मी मान हलवत राहिलो.
त्यांना कसं सांगू, की हे वाक्य माझं आहे.
चिनावलच्या, न्हावीच्या, आमोद्याच्या माणसांना
टेबलावर ढेकूळ ठेवून मी हेच ऐकवतो:
लोह आहे हो तुमच्या रानात, मणानं आहे,
चुनखडी धरून बसलीय, मुळाला सुटत नाही.
म्हणून पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या.
आणि तुम्ही वरून पोती ओतताय.

पोती.
रात्री अकराला शेवभाजी.
लग्नसराईत बट्टी, तुपाची वाटी, परत बट्टी.
जेवणावर चहा, चहावर चहा.
आई डब्यात कळण्याची भाकरी द्यायची,
ती काळी दिसते म्हणून मी शाळेच्या भिंतीकडे तोंड करून खायचो.

प्रमिलानं विचारलं, काय निघालं?
म्हटलं, उपाशी आहे.
ती इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.
मग माझ्याकडे बघून थांबली.

आज ऑफिसात एक कोरी कापडी पिशवी घेतली,
लेबलावर पेन्सिलीनं लिहिलं,
डिगंबर फेगडे, मु. पो. फैजपूर.
जमिनीचा प्रकार: भारी.
खोली: माहीत नाही.
मागील पीक
या रकान्याशी पेन्सिल अडली.

दारात कुणीतरी ओली माती घेऊन उभं होतं.
म्हटलं, अशी नाही चालत दादा,
सावलीत वाळवून आणा.