आकडे मोठ्यानं

नोवोसिबिर्स्क, चौसष्ट सालचा जानेवारी.
माझं काम एवढंच: काट्याकडे बघायचं
आणि आकडा मोठ्यानं वाचायचा.
सर्जन मान वर करत नाहीत,
त्यांच्या लेखी मी म्हणजे एक आवाज.

त्याआधी, उजाडायच्या आत, तळघरात
म्हातारा येफीम लाकडी हातोड्यानं बर्फ फोडतो.
खडे अक्रोडाएवढे हवेत. मोठे टोचतात,
बारीक असले तर जिना चढेस्तोवर पाणी.
दोन बादल्या तो आणतो, दोन मी.

आज टेबलावर सायीना.
याकूत्स्कच्याही पलीकडून आलेली,
वय सहा, वजन चौदा किलो, ओठ जांभळे.
त्यांच्या भाषेत सायीना म्हणजे उन्हाळा,
काल तिच्या आईनं सांगितलं,
आणि त्याच दमात विचारलं,
"तिला थंडी नाही ना वाजणार?"

सहा हिवाळे ह्या बाईनं
पोरीला गारठ्याच्या तोंडातून ओढून काढलंय.
रेनडिअरच्या कातड्याचे बूट, सशाची टोपी,
एकावर एक तीन सदरे,
आणि रात्री उठून उठून नाकाला हात लावून बघणं.
"नाही," मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
ईथरमध्ये माणसाआधी त्याचं कुडकुडणं झोपतं.

बोटं कापसात गुंडाळली. कानसुद्धा.
(एकदा विसरले होते.
तोम्स्कच्या एका पोराच्या करंगळीवर
माझी ती सही अजून आहे.)
मग बर्फ: डोक्याभोवती, जांघेत,
काखेत नीट दाबून.

छत्तीस पूर्णांक दोन.
चौतीस.
चौतीस.
बत्तीस आणि वर थोडं.

एकोणतीसवर बर्फ काढायचा.
नवख्या पोरींना इथून पुढचं पटत नाही:
बर्फ काढला तरी आकडा उतरतच राहतो.
मुरलेली थंडी आपल्या पायांनी
कातडीपासून आत चालत जाते,
कुणी निघून गेल्यावर, दार लावून घेतल्यावर,
त्याचं बोलणं घरात फिरत राहतं तशी.
किती खाली जाईल, हे सर्जनला ठाऊक नसतं,
मलाही नसतं.

पंचवीस पूर्णांक चार.
थांबला.

मग काळीजही थांबवलं.
आता मी मिनिटं वाचते.
भोक दोन कोपेकच्या नाण्याएवढं,
सुई येते, जाते, येते.
एवढ्या शांततेत येफीमच्या हातोड्याचा आवाज
खालून यावा असं वाटतं. येत नाही,
त्याचं काम सकाळीच संपलेलं.
सात. आठ.
अकराव्या मिनिटाला शेवटची गाठ.

सर्जननी हातात घेऊन चोळलं, तर ते
पिशवीतल्या गांडुळांसारखं नुसतं वळवळलं.
विजेचा एक झटका. दुसरा.
आणि मग एक ठोका,
खूप वेळानं दुसरा,
जणू कुणी आठवून आठवून जिना चढतंय.

टबातलं पाणी अडतीस.
खिडकीबाहेरही अडतीस होतं, उणे.
मधे एक काच
आणि गुडघ्यांवर बसलेली मी,
कोपरापर्यंत ओली.
सव्वीस. सव्वीस. सत्तावीस.
चढताना आकड्यांना कसलीच घाई नसते.
तेहतीसवर कानांच्या पाळ्या लाल झाल्या.
ओठही. तो आकडा मी दोनदा वाचला.
"ऐकलं," सर्जन म्हणाले,
आणि आज पहिल्यांदा मान वर केली.

संध्याकाळी पॅसेजमध्ये
माझ्या अंगरख्याचं बटण मला लागेना.
बोटं सकाळपासून माझी नव्हतीच.
तिची आई उठली.
लेकीचं कसं आहे, हे तिला आधीच कळलं होतं.
माझे हात तिनं हातात घेतले,
दचकली,
कशाला लागून इतके गार, ते विचारलं नाही.
कोटाची गुंडी काढली
आणि दोन्ही हात आपल्या काखांत दाबून धरले.

सकाळी मी जिथे बर्फ भरला होता,
बरोबर तिथे.

किती अंश होते, कुणी विचारलं नाही.
मीही वाचलं नाही.