बुडीत जमिनीची खूण

तेओतोन मास्तर भूमापन खात्यात आरेखक होते.
दिवसा लोकांचे बांध काढायचे, भाटांचे, खाजनांचे,
आणि रात्री दिवाडीवर, पिएदादच्या पायऱ्यांवर बसून
आकाशाची मोजणी.
कोणी सांगितलं नव्हतं. भत्ता नव्हता.

मी कंदील धरायचे.
नार्व्याच्या फेरीबोटीवरच्या खलाशाची मुलगी, वय बारा.
काचेला नाताळच्या मिठाईचा लाल कागद,
कारण पांढऱ्या उजेडानं डोळा वीस मिनिटं आंधळा होतो.
'हात दुखला तर हालव, उजेड हालवू नको.'
ते कसं करायचं मला अजून कळलेलं नाही.

ओळंब्याला पागेचं शिसं,
शिसवी कोनमापक, ज्याचा साठावा अंश झिजलेला,
आणि एकच नियम:
ज्याच्यासमोर उभी राहिली नाहीस ते काढायचं नाही.
पुस्तकातून उतरवलेला तारा म्हणजे चोरीचा माल.

माझी आई सप्तर्षींना खाटलं म्हणायची,
आणि ते पळवणारे तीन चोर.
मास्तरांनी तेही लिहून घेतलं,
'इतर हक्क' या रकान्यात.

वैशाखात दक्षिणेला, मानशीच्या वर,
चार तारे उभे राहतात.
आमच्याकडे त्रिशंकू, त्यांच्याकडे खुरीस.
दोन्ही नावं त्यांनी सारख्याच अक्षरात लिहिली:
कब्जेदार दोन, सर्वे नंबर एक.
'आणि कूळ कोण?' स्वतःच विचारून हसले,
बारीक पेन्सिलीनं तिथं 'शे' लिहिलं.
शेवंती पूर्ण मावत नव्हतं.

मग पणजीच्या अंगानं उजेड चढू लागला.
आधी पूल, मग जाहिरातींचे फलक,
मग मांडवीत नांगरलेली जुगाराची जहाजं,
जांभळी, हिरवी, रात्रभर जागी.
पश्चिमेचे तारे मावळतीला पोचण्याआधीच
संपायला लागले, वीतभर वर, मग हातभर.
मी म्हटलं, ते कुठं असतात ते ठाऊक आहे ना आपल्याला?
मग काढूया की.
मास्तर गप्प. काढणं हा शब्द दोन्हीकडे जातो,
चित्र काढतात, काटाही काढतात.

खाजनाचा बांध फुटून खारं पाणी शिरलं
की नकाशात त्या शेतावर आडव्या तुटक रेघा येतात:
बुडीत. मालकी कायम, पीक नाही.
तीच खूण त्यांनी आकाशावर मारली, निळ्या शाईत.
एकाही ताऱ्याचं नाव खोडलं नाही.
तक्ते ओळीनं मांडले
तर भरती चढताना दिसते.

वादळाच्या वर्षी तीन रात्री सगळीकडे वीज नव्हती.
मी तोवर त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच मेजावर.
पाववाल्याच्या पोराकडून निरोप आला: कंदील घेऊन ये.
फेरी बंद. एका होडीवाल्यानं शिव्या देत सोडलं.
तिसऱ्या रात्री ढग फाटले
आणि पुनर्वसूची जोडी अख्खी खाली उतरली,
थेट नदीच्या काळ्या रेघेपर्यंत,
जिथं पणजी असते.
ऐंशीच्या माणसाचा हात थरथरत होता, कोन नाही.
वाटलं, आता रेघा खोडतील.
त्यांनी समासात तारीख घातली
आणि लिहिलं: आज ओहोटी.

मास्तर गेले त्याला चार वर्षं झाली.
खात्याचा संगणक ते तक्ते घेत नाही,
गावाचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
म्हणून ते माझ्या घरी, पलंगाखाली, वाळवीच्या भीतीनं
कडुलिंबाच्या पाल्यात.

'शे' पुसट झालाय.
शाईनं गिरवायचा म्हणून गेल्या वैशाखात
पायऱ्यांवर जाऊन बसले, लाल कागद लावून.
चारातले दोन दिसले,
दोन ठाऊक होते.

दोनच काढले.