तांब्याची चकती

कागदावर तिचं सगळं नीट आहे :
पंधराशे साठ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह,
चार हजार फेऱ्यांना एकशे नऊ अश्वशक्ती,
आणि दोनशे चाळीस न्यूटन-मीटरचा रेटा
सतराशे पन्नासलाच हाताशी,
म्हणजे विन्याइशचा चढ तिसऱ्या गिअरात निघतो,
मागे ऑक्सिजनची दोन नळकांडी असली तरी.

दोना ओतिलियाने हे आकडे कधी वाचले नाहीत.
ती परिचारिका. तिच्याकडे बारा खेडी,
त्यातल्या चारांत आता एकेकच धुराडं धूर सोडतं.
गाडीबद्दल तिला एवढंच ठाऊक :
किल्ली फिरवली की निघते.

फेब्रुवारीत टो-ट्रकवरून उतरली माझ्या दारात.
चालू केली, तर मागे निळा धूर
आणि बॉनेटखालून आवाज,
रुग्णवाहिका दूर जात राहते तसा.
मी म्हटलं, टर्बो.
मी, आदेरितु, बत्तीस वर्षं या तेलात,
नुसता कान लावला आणि म्हटलं, टर्बो.
काढून तिला दाखवलासुद्धा :
दांडा बोटाने हलत होता
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.

सहाशे चाळीस युरो.
तिने तीन हप्ते मागितले, मी मोठ्या मनाने दिले.

नवा टर्बो एकोणीस दिवस चालला.

मिनिटाला दीड लाख फेऱ्या घेणारी वस्तू
कशावर टेकलेली असते, माहीत आहे?
कशावरच नाही.
केसाहून पातळ तेलाच्या सायीवर ती तरंगते.
साय फाटली की धातूला धातू लागतो,
आणि मग जे काही होतं
ते खोकला यायच्या आत होऊन जातं.

तेलाच्या नळीचा बोल्ट तेल्मुने सोडवला, माझा उमेदवार,
अजून मिशी न फुटलेला.
‘उस्ताद, ह्याच्या पोटात हे काय?’
मसुरीच्या दाण्याएवढी जाळी. बुजलेली.
पहिल्या वेळी मी तो बोल्ट पुसून परत लावला होता.

मग चेंबर उतरवला.
तळाशी तेल नव्हतं, काकवी होती,
थंड, काळी, कलथ्याने खरवडावी लागणारी.
पुस्तक म्हणतं, वीस हजारांनी तेल बदला.
पुस्तक लिहिणारा इथल्या चढांवर राहत नाही,
सहा किलोमीटर जाऊन, इंजिन तापायच्या आत,
म्हाताऱ्यांची इन्सुलिन द्यायला थांबत नाही.
पण वीस हजारांचीही काजळी एवढी नसते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.
मी तर दोन संन्यासी लटकवले होते.

वरून शोधत गेलो.
तिसऱ्या इंजेक्टरभोवती डांबर साचलेलं,
कोळशासारखं कडक, छिन्नीने फोडलं.
खाली त्याची तांब्याची चकती,
एका कडेला जळून निळसर झालेली.
तिथूनच गळत होता प्रत्येक स्फोटाचा थोडा श्वास,
काजळी वर यायची, काही फटीतून खाली झिरपायची,
तेलात मिसळायची, जाळीपाशी येऊन थांबायची.
दोन वर्षं. न ओरडता.

किंमत चाळीस सेंट.

दोन वर्षांपूर्वी तो इंजेक्टर मीच काढला होता.
शुक्रवारची संध्याकाळ होती,
ब्रागांसाचं दुकान बंद झालेलं,
आणि तिला रात्रीच्या पाळीला गाडी हवी होती.
जुनी चकती मी पॉलिश पेपरवर घासली, उलटी केली,
बसवली.

तिला सांगितलं? हो.
लगेच नाही. आधी म्हटलं, वॉरंटीत बसतं हे सगळं.
तिने माझ्याकडे बघितलं,
शीर सापडत नसली की बघतात तसं, न रागावता,
आणि वाट बघत राहिली.
मग सांगितलं.
ती म्हणाली, ‘गुरुवारी मला मोइमेंताला जायचंय.’
एवढंच.

गुरुवारी सकाळी सहाला गाडी उभी केली तिच्या दाराशी.
चार नव्या चकत्या, नवी नळी, दोनदा धुतलेला चेंबर,
आणि टर्बो माझ्या पैशाचा.
तिसरा हप्ता तरीही आला,
पाकिटात, चेस्टनटच्या पिशवीवर ठेवून.
चेस्टनट आम्ही भाजून खाल्ले, तेल्मुने आणि मी.
पाकीट फळीवर आहे,
चकत्यांच्या डब्याशेजारी. शंभराचा डबा. एकोणऐंशी उरल्यात.