पाचवी कांब

आमच्या घरात अकरा काठ्या आहेत, आणि एक.
पडद्याच्या दांडीला, कापडी पिशव्यांतून, उभ्या लटकवलेल्या,
कारण आडव्या ठेवल्या की त्यांना बाक येतो,
आणि नेहरूनगरच्या दीड खोलीत
आडवं व्हायला माणसांनाच जागा नाही,
असं सुनेचं म्हणणं.

गळाच्या काठ्या. विलायती. शंभर वर्षांच्या आतबाहेर.
सहा कांबी तासून, कडेला कड चिकटवून
शेंड्याकडे निमुळती होत गेलेली सहापैलू काठी.
रेशमाचे वेढे, बुचाची मूठ,
आणि मुठीच्या वर काळ्या शाईत, तिरप्या अक्षरांत
कारागिराचं नाव.
नाव! बांबूवर!

माझ्या बापानं जन्मभर बांबू फोडला
भायखळ्याच्या पुलाखाली.
सूप, रोवळी, कोंबड्यांचं डालगं,
आणि रात्री-अपरात्री कुणी मान खाली घालून आलं
तर न विचारता दोन लांब, बाकी आखूड.
त्या गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही.
त्याचं नाव कुठल्याच सुपावर नव्हतं.
मी आयटीआय केलं, भांडुपला लेथवर लागलो.
बोटांतली कुसं निघायला दोन वर्षं गेली.

पहिली काठी ताहेरभाईनं दिली,
म्हाताऱ्यांच्या काठ्यांच्या गठ्ठ्यातून ओढून,
"ले जाव, परदे को काम आएगी."
तशी आलीच कामाला.

चांगुणाकडून मी तीस वर्षं बांगडे घेतो.
तिला एकदा नीट समजावून सांगितलं:
काठीला दोरा, दोऱ्याला पिसांची खोटी माशी,
माशीला भुलून मासा येतो.
तिनं कोयता खाली ठेवला.
"माशी बसली का मासा कोन घेत नाय,
आन तू माशी बसवून मासा धरतंस?"
खरं सांगायचं तर
मी अजून एकही धरलेला नाही.

बारावी दादरच्या होमायबाई दुबाशांची.
त्यांच्या मामांची, म्हणजे.
घर आवरत होत्या. पैसे नकोत म्हणाल्या,
फक्त ती पत्र्याची ट्रंक तीन मजले खाली नेऊन द्या.
दिली.

ट्यूबलाइटखाली धरून बोट फिरवत गेलो.
एक, दोन, तीन, चार.
पाचव्या पैलूला बोट अडलं.
पेरं जवळजवळ, रंग हळद लागल्या हातासारखा.
हा चीनचा बांबू नव्हे.
हा माणगा. आपला, कोकणातला.
कुणीतरी चिरलेली कांब काढून
दुसरी तासून बसवली होती,
पाठ बाहेर, पोट आत,
आणि वरच्या रेशमाचं शेवटचं टोक
सुपाच्या काठाला दडपतात तसं दडपलेलं.

तो माझा बाप, असं मी म्हणत नाही.
मुंबईत बुरूड काय एकच होता?
कुणा साहेबाचा नोकर मोडकी काठी घेऊन आला असेल,
ह्यानं आठ आणे सांगून सहा घेतले असतील,
आणि संध्याकाळी पुन्हा रोवळीला बसला असेल.

पुण्याहून एक हौशी गृहस्थ आले. भिंगातून पाहिलं.
"अरेरे," म्हणाले, "एक पट्टी बदललेली.
नसती तर चाळीस हजार मोजले असते."
मी चहा टाकला. खारी दिली.
काठी पिशवीत घालून नाडी बांधली.

आता रात्री, टाकीची मोटर बंद झाली
की गच्चीवर जातो.
गळ नाही. दोऱ्याच्या टोकाला
नातवाच्या कानटोपीचा लाल गोंडा.
हात मागे. थांब. आता पुढे.
दोरा डिशच्या छत्र्यांवरून निघून
समोरच्या इमारतीच्या अंधारात उतरतो.
काठी वाकते, सहाही कांबी मिळून,
पाचवी किंचित उशिरा.

खालून वॉचमन परब हाळी देतो,
"काका, काय लागलं का?"
मी अंगठा चाचपत राहतो.
"बघतो," म्हणतो.