दोन डगरी

खांबेटे म्हणाले, "डॉक्टर, हे म्हणजे दोन डगरींवर पाय.
घ्यायची तर पूर्ण विजेची घ्यायची,
नाहीतर सरळ डिझेलची, आमच्या मेव्हण्यासारखी."
सोसायटीची मीटिंग, अकरा खुर्च्या, सात माणसं,
विषय क्रमांक चार: बी-दोनच्या पार्किंगमधला सॉकेट.
पाऊण तास चर्चा झाली,
त्यातली चाळीस मिनिटं लिफ्टच्या पंख्यावर.
शेवटी मीटर वेगळा, वायर माझी, जबाबदारी माझी,
आणि भिंतीला पाडलेलं भोक मीच बुजवायचं,
घर सोडताना.

रोज रात्री सलाईन लावावी तशी तिला वायर लावते.
सवय. मी भूल देते, सत्तावीस वर्षं.
हिरवा दिवा संथ लुकलुकतो
आणि मी उगाच दोन मिनिटं उभी राहते,
नाडी मोजत असल्यासारखी.

खरं सांगायचं तर
डोंगर चढायला घेतलेली ही गाडी
सहकारनगर ते रास्ता पेठ,
रास्ता पेठ ते सहकारनगर.
जमिनीपासून नऊ इंच उंच पोट,
आणि ओलांडलं काय?
स्पीडब्रेकर, ड्रेनेजसाठी उकरलेली माती,
एकदा चुकून फळवाल्याचा रिकामा क्रेट.

फक्त रात्री तीनला, सिझेरियन आटोपून येताना,
तिचं मोल कळतं.
गेटवर बिराजदार झोपलेला, कुत्री झोपलेली,
मी आत शिरते
चप्पल हातात घेऊन जिना चढावा तशी.

पेट्रोल भरलं होतं संक्रांतीला.
मार्च संपत आला, काटा जागचा हलला नाही.
आणि एका दुपारी दांडेकर पुलाच्या सिग्नलला
मी काहीच केलं नसताना
इंजिन आपणहून उठलं, गुरगुरलं.
पडद्यावर अक्षरं: इंधन शिळं होत आहे.
मागचा रिक्षावाला हॉर्न देत राहिला.
मी ते वाक्य दोनदा वाचलं.

रविवारी निघालेच.
कात्रजचा बोगदा, शिवापूरचा टोल, नसरापूरचा फाटा,
इथवर नुसती टायरांची कुजबुज.
मार्गासनीच्या अलीकडे वीज संपली
आणि आतून एक खोल श्वास आला,
टेबलावरचा माणूस शुद्धीवर येताना घेतो तसा.
मी ओळखते तो.
त्याच्यासाठीच तर जागी असते.

केळदच्या पुढे डांबर संपलं.
ओढ्याकाठी ठकूबाई ढेबे, दळणाचं गाठोडं घेऊन बसलेली.
पलीकडच्या वाडीला जायचं, गुडघा नाही म्हणतो.
चढून बसली, डॅशबोर्डवर थाप मारली
गाईच्या पाठीवर मारतात तशी.
"काय खाती ही?"
"रात्री वीज. चढाला पेट्रोल."
"म्हंजी दोन सुनांकडं जेवणारी सासू," ती म्हणाली,
"हुशार हाय. कुटं तरी भाकर मिळतीच."

पाणी घोटाभर, धोंडे फार.
मधोमध अडकलो:
पुढची चाकं पलीकडच्या काठाला,
मागची अजून अलीकडेच,
पोटाखालून ओढा चाललेला
आणि एक चाक हवेत, रिकामं गरगरतंय.
मला खांबेटे आठवले, त्यांचं बोट,
त्यांचा मेव्हणा.
मग ते चाक थांबलं.
बाकीच्या तिघांनी ओझं वाटून घेतलं
आणि आम्ही वर, एका हिसक्यात.
ठकूबाईंनी पूर्ण वेळ पीठ धरलं होतं,
हँडल नाही.

परतीच्या उतारावर गाडीनं
नऊ किलोमीटर पुन्हा कमावले.
चढलेलं असं थोडंफार परत मिळतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सत्तावीस वर्षांत कुणीच.

सीटवर पीठ सांडलंय, ज्वारीचं.
अजून झाडलेलं नाही.
सकाळी खांबेटे दुधाच्या पिशव्या घेऊन थांबले,
चाकांकडे पाहिलं, खालच्या लाल चिखलाकडे पाहिलं.
"ही फरशी कोण धुणार?"
"मीच," म्हटलं, "भोक बुजवताना."
आणि वायर काढून गुंडाळली.