आठ वाजून अकरा मिनिटं

आठला दोन मिनिटं असताना
मी चहाचा मोठा घोट घेते,
कारण पुढचा साडेदहालाच, गार, साय धरलेला.
फोनचा लाल दिवा अजून झोपलेला असतो.
पण कड्यापासून रेल्वेच्या जुन्या बांधापर्यंत
दीडशे अंगठे एकाच नंबरावर टेकून बसलेत,
हे मला न बघता दिसतं.

आठ.
आणि गाव माझ्या कानात शिरतं.

आमच्याकडे चार डॉक्टर होते.
आता दीड आहेत.
एक म्हणजे डॉ. अडेयेमी,
अर्धा म्हणजे दर गुरुवारी हलहून येणारा कुणीतरी,
ज्याचं नाव पाठ होईतो बदलतं.
जागा एकोणीस.
हात आखडता घेऊन वाढणाऱ्या बाईसारखी
मी त्या वाटत जाते.

कर्स्टीचं बाळ, ताप एकोणचाळीसच्या वर : साडेनऊला आण.
टॉफ्टचा हात जाळ्याच्या दोरीने कापलेला : नर्सकडे.
मिसेस ब्लेंकिन गुडघ्यापासून सुरू करतात,
मग मांजर, मग पर्थला गेलेला मुलगा,
आणि फोन ठेवता ठेवता :
"छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय ग पहाटेपासून.
पण ते राहू दे."

खरं दुखणं 'ते राहू दे'मध्ये असतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
"फोन ठेवू नका," मी म्हणते, "दाराची कडी काढून ठेवा,"
आणि दुसऱ्या फोनवर अ‍ॅम्ब्युलन्स मागवते.

आठ अकरा. संपलं.

उरलेल्यांना एकच वाक्य :
उद्या सकाळी आठला फोन करा.
नवरा म्हणतो, हे मी झोपेतही बोलते,
अगदी नम्रपणे.
एकजण ओरडतो, तू डॉक्टर आहेस का?
नाही.
मग तू कोण ठरवणार?
बरोबर आहे त्याचं.
आधी मी बेकरीत होते. पाव तिथेही संपायचे.
पण पाव संपला म्हणून
काउंटरपलीकडे कुणी असं गप्प झालेलं
आठवत नाही.

आठ वीसला मिस्टर स्टॅदर्स.
त्यांच्या बागेचं कुंपण गेल्या मार्चमध्ये समुद्रात गेलं,
त्यामागोमाग कोंबड्यांचं खुराडं.
रोज सकाळी ते मागच्या दारापासून कड्यापर्यंत
पावलं मोजतात.
"आज एकोणीस," ते सांगतात. "तुझ्या जागांइतकीच."
हसतात, हसता हसता दम लागतो.
"माझी दहा चाळीसची जागा दुसऱ्या कुणाला दे.
मला बरं वाटतंय."

स्क्रीनवर एक चौकोन पांढरा होतो.

माझ्या डाव्या काखेत एक गाठ आहे,
वाटाण्याएवढी. सात आठवडे झाले.
आठ वाजता फोन मला करता येत नाही,
कारण आठ वाजता फोन मी घेते.

चौकोनात मी माझ्या नावाची दोन अक्षरं टाईप केली.
कानात अजून त्यांचा श्वास,
ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा.
दोन्ही अक्षरं पुसली.
"मिस्टर स्टॅदर्स, तुम्ही याच.
चालत नको. शेजारच्या पोराला गाडी काढायला सांगा."
ते कुरकुरले. पण येतो म्हणाले.

दुपारी एकला डॉ. अडेयेमी बाहेर आल्या,
हातात सकाळचं सँडविच,
एक घास खाल्लेलं.
मिसेस ब्लेंकिन हलच्या हॉस्पिटलात आहेत, शुद्धीवर आहेत,
मांजराला कोण बघतंय विचारतायत,
असं सांगितलं.
मग माझ्याकडे बघत राहिल्या.
"हात असा का धरलायस?"

"काही नाही," मी म्हटलं.
"काखेत जरा... पण ते राहू दे."

लाल दिवा लुकलुकत होता.
त्यांनी सँडविच परत कागदात गुंडाळलं
आणि खोलीचं दार उघडं धरलं.